एकेचाळीस धुराडी

कालेर्वो पुहाक्काचा आजा धुराडी झाडायचा, बाप झाडायचा, आणि तोही सोळाव्या वर्षापासून तेच करत आला होता. लेहतोवारा गाव आणि आजूबाजूच्या वस्त्या मिळून दीडेकशे घरं त्याच्या वाट्याला होती. ऑगस्ट सरून बटाटे काढायची घाई सुरू झाली की काळे कपडे, पितळी बटणं आणि चपटी काळी टोपी अशा थाटात तो सायकलवरून निघे. खांद्यावर तारेचं वेटोळं, तारेच्या टोकाला ब्रश आणि ब्रशाखाली लोखंडी गोळा. लोक वाटेत थांबवून त्याच्या बटणाला बोट लावत. धुराडीवाल्याचं बटण शिवलं की नशीब उघडतं असं तिकडे सगळेच मानतात. कोक्कोंची सून मिन्ना तर लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्या उतरून तशीच पांढऱ्या कपड्यांत धावत आली होती आणि त्याचं बटण घट्ट धरून उभी राहिली होती. त्या क्षणाचा फोटो कोक्कोंच्या भिंतीवर होता.

काम तो मन लावून करायचा. घर ऊबदार ठेवणारी विटांची भट्टी असे, तिच्या पोटातले आडवेउभे बोगदे खरवडायचे, राख उपसायची, झडप नीट सरकते का बघायचं, फटी मातीने लिंपायच्या. मग छपरावर चढून धुराड्याच्या तोंडातून गोळा खाली सोडायचा आणि ब्रश वरखाली ओढायचा. शेवटी झडपेशेजारी खिळ्याला अडकवलेल्या कार्डावर तारीख घालून सही. त्या सहीच्या भरवशावर माणसं बाहेर उणे तीस असताना रात्रंदिवस भट्ट्या पेटत्या ठेवत आणि पांघरूण ओढून झोपत.

त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरात तो पडला. म्हणजे पूर्ण पडला नाही. एका रिकाम्या उन्हाळी घराच्या छपरावर पहाटेचं दंव अजून वितळलं नव्हतं, त्याचा पाय सटकला आणि तो पोटावर घसरत थेट वळचणीपर्यंत आला. बर्फ अडवायला लावलेल्या दांडीत बूट अडकला म्हणून थांबला. डोकं छपराच्या कडेबाहेर, खाली दगडी पायरी. किती वेळ तसा पडून होता हे त्याला सांगता आलं नसतं. कोणी पाहिलं नव्हतं. तो खाली उतरला, सायकलवर बसला, घरी जाऊन नेहमीसारखा जेवला आणि कुणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय थरथरायला लागले. आधी त्याला वाटलं थंडीने असेल. मग वाटलं, दोन दिवस विश्रांती घेऊ. पण पुढच्या सबंध वर्षात ती थरथर गेली नाही. जी घरं बुटकी होती, जिथे मागच्या टेकाडावरून छपरावर पाय टाकता यायचा, तिथे त्याने दात आवळून काम उरकलं. उंच आणि उतरत्या छपरांच्या घरांना मात्र तो वर जाईनासा झाला. अशी एकेचाळीस घरं होती.

त्या घरांचं धुराडं तो खालच्या लोखंडी दारातून, लवचीक कांबीला ब्रश लावून झाडू लागला. कांब चार मीटर जायची. त्याच्या वरचं, छपराबाहेर थंडीत उभं असलेलं जे टोक, जिथे धूर गार होऊन डांबरासारखा चिकटतो, तिथवर ती पोचायचीच नाही. कोणी विचारलं तर तो म्हणे, "आता नवी कांब आली आहे. वर जायची गरज नाही." कार्डावर सही मात्र पूर्वीसारखीच, ठसठशीत. होता होईल तो घरचे लोक शेतात असतील अशी वेळ गाठायचा.

*

शहाण्णवच्या सप्टेंबरात तो सायमी नेवालाइनेनकडे गेला. सायमीबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहायच्या. नवरा जाऊन तीस वर्षं झालेली, मुलगी शहरात. घर एकमजली पण छप्पर पार उभं, बर्फ आपोआप घसरून पडावा म्हणून नवऱ्याने तसं बांधलेलं. एकेचाळीसातलं एक.

त्या वर्षी त्यांच्या भट्टीची झडप बदलायची होती. जुनी गंजून एका बाजूला वाकली होती. झडप काढल्यावर वर काय आहे ते बघणं भाग होतं. एरवी कालेर्वो हे टाळायचा. दोन वर्षांत त्याने कुठल्याही उंच घराच्या धुराड्यात आरसा धरून वर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने आरसा आत सरकवला, जरासा तिरका केला, आणि त्याला निळं आभाळ दिसलं. स्वच्छ चौकोन. कडेच्या विटासुद्धा मोजता आल्या असत्या.

तो गुडघ्यांवर बसून राहिला. काजळीचा थर नाही, डांबर नाही. गेल्या वर्षी राख कमी निघाली तेव्हा त्याने मनाशी म्हटलं होतं, बाई बर्चचं सुकं लाकूड जाळतात, एकटीला लागतं किती. पण हे तसं नव्हतं. हे कुणीतरी झाडलं होतं, वरून, आणि गेल्या आठ-पंधरा दिवसांत.

पहिल्यांदा त्याला राग आला. पुढे कितीतरी वर्षं त्याला हेच जास्त बोचत राहिलं, की पहिल्यांदा राग आला.

सायमीबाई टेबलाशी बसून तांबड्या आंबट रानफळांतली पानं निवडत होत्या. उजव्या हाताने निवडत होत्या, डावं मनगट कापडी पट्टीत गुंडाळलेलं होतं. "कोबी साठवायच्या तळघरात पाय घसरला," असं त्यांनी तो आल्या आल्याच सांगितलं होतं.

"सायमीबाई, तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलावलं होतं का?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"धुराडं झाडायला. ही माझी हद्द आहे. बाहेरचा माणूस येऊन काम करतो हे नियमात बसत नाही."

"कोणी आलं नाही."

"धुराडं झाडलेलं आहे. मला कळतं हो. छत्तीस वर्षं हेच करतोय. माझ्या कामात काही खोट असेल तर तोंडावर सांगायचं. माझ्या पाठीमागे दुसऱ्याला बोलावायचं म्हणजे..."

"कालेर्वो," त्या म्हणाल्या, "मीच चढले होते."

त्याला आधी समजलंच नाही.

"तुझं बोलणं झालं असेल तर बस," सायमीबाई म्हणाल्या. "आमच्या यांचा जुना ब्रश होता गोठ्यात. गोळाही होता. पत्र्यावर दंव पडायच्या आत उरकून घेतलं यंदा. दरवर्षी तू येऊन गेल्यावर चढायचे, पण तोवर फार थंडी पडते आणि गुडघे आता आधीसारखे राहिले नाहीत."

"दरवर्षी?"

"यंदाचं तिसरं."

त्यांच्या मनगटाकडे त्याचं लक्ष गेलं. ते त्यांनी पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला.

"उतरताना शेवटच्या पायरीला चुकले. मोडलं नाही, मुरगळलंय नुसतं."

कालेर्वो बसला. बूट काजळीने माखलेले होते, ते कधी नव्हे ते पायपुसण्यावर न पुसता तो तसाच आत आला होता, हे त्याला आता दिसलं.  शेवटी त्याने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

सायमीबाईंनी दोन-चार पानं निवडली.

"चौऱ्याण्णव साली तू आलास तेव्हा मी गोठ्याच्या खिडकीत होते. तुला वाटलं असेल मी शेतात आहे. तू शिडी लावलीस. तीन पायऱ्या चढलास आणि वळचण धरून उभा राहिलास. इतका वेळ उभा राहिलास की मला वाटलं, याला झटका आला की काय. मी येणारच होते. तेवढ्यात तू उतरलास आणि लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसलास."

"आणि?" तो म्हणाला. पुढचं त्याला माहीत होतं.

"आणि मग डब्यातली काजळी घेऊन गालाला लावलीस. कपाळाला लावलीस. हातांच्या मागच्या बाजूलाही लावलीस. आणि मग आत येऊन माझ्याकडे कॉफी प्यायलास."

त्या दिवशी सायमीबाईंनी त्याला वेलदोड्याचा पाव ताजा भाजून दिला होता हे त्याला आठवलं. "वर वारा फार होता," असंही तो म्हणाला होता. त्यांनी न विचारता.

"मला सांगायचं होतंत," तो म्हणाला.

"काय सांगणार होते? घाबरलेल्या माणसाला तू घाबरलास म्हणून सांगायचं? ते त्याला आधीच ठाऊक असतं." त्या थांबल्या. "आमच्या यांना बैलाने मारलं, त्यानंतर वर्षभर मी गोठ्यात पाय टाकू शकले नाही. दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेजारची हिल्या रोज पहाटे येऊन माझ्या सहा गाई पिळायची आणि दूध पायरीवर ठेवून जायची. एका शब्दाने कधी बोलली नाही. पुढच्या वसंतात मी आपली आपण आत गेले. मला वाटलं, तुझंही तसंच होईल. एका वर्षात होईल, दोन वर्षांत होईल."

कालेर्वो खाली बघत बसला होता. एका सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने आपल्यासाठी तीनदा त्या उभ्या छपरावर चढावं, पडावं, आणि वर आपणच तिला नियम सांगावेत. मघाचे आपलेच शब्द त्याच्या कानात वाजत होते. ही माझी हद्द आहे.

"मी एकच छप्पर चढू शकते," सायमीबाई म्हणाल्या. आवाज तसाच होता, पण आता त्या त्याच्याकडे बघत होत्या. "बाकीची किती आहेत?"

"चाळीस."

त्यांचा निवडणारा हात थांबला. त्यांना वाटलं होतं पाच-सहा असतील. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि सबंध दिवसात कालेर्वोला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या क्षणी.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "अरे, त्यांत माणसं झोपतात."

*

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. इर्या ओट्याशी राय नावाच्या काळसर धान्याच्या पिठाच्या पाऱ्या लाटत होती, त्यांत भात भरून ती शनिवारचे पिराक्के करायची. तो दारातच उभा राहून बोलला, टोपी हातात घेऊन, एखाद्या परक्या घरी आल्यासारखा.  त्याला वाटत होतं तिला वाईट वाटेल, ती म्हणेल, मला आधी का नाही सांगितलंस, जवळ येईल.

इर्याने लाटणं खाली ठेवलं. "जानेवारीत कोक्कोंची मिन्ना मला दुकानात भेटली होती," ती म्हणाली. "बाळ तीन आठवड्यांचं होतं. मला म्हणाली, भट्टी इतकी पेटवतोय, रात्री भीती वाटते. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, अगं, तुझं धुराडं आमच्या कालेर्वोने झाडलंय, तू खुशाल झोप."

कालेर्वोने मान वर केली.

"मी म्हणाले असं. मी." तिने हात पिठासकट कमरेवर ठेवले. "तू भ्यालास त्याचं मला काही नाही, कालेर्वो. माणूस भितो. पण तू मला त्या पोरीशी खोटं बोलायला लावलंस."

"काय करू?"

"मला काय विचारतोस? पहिलं घर कोणतं ते तुला कळलंच असेल."

पण वर चढणार कोण? त्याच्याने होणार नव्हतं. तसं त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच घराला शिडी लावून पाहिलं, इर्या खाली शिडी धरून उभी होती. तिसऱ्या पायरीवर पाय असे लटलटले की शिडी पत्र्यावर खडखडायला लागली. "उतर," इर्या म्हणाली. "मला विधवा करायचं तेवढं बाकी आहे."

शेजारच्या विभागात पैवी म्हणून एक बाई धुराडी झाडायची. पस्तिशीची, सडपातळ, मांजरासारखी चालणारी. चार वर्षांपूर्वी ती धंद्यात आली तेव्हा सगळ्या धुराडीवाल्यांच्या वार्षिक जेवणात कालेर्वो उभा राहून म्हणाला होता, "आता काळजी नको, बाई स्कर्ट घालून छपरावर गेली की सगळं गाव धुराड्याकडे नीट लक्ष देईल." हशा पिकला होता. पैवी तेव्हा आपल्या ताटात बघून जेवत राहिली होती.

तिला फोन करायला त्याला दोन तास लागले. फोनजवळ जायचा, परत यायचा. शेवटी लागला, आणि त्याने न थांबता सगळं सांगून टाकलं: पडणं, कांब, सह्या, एकेचाळीस घरं. 

"स्कर्ट घालून येऊ, की पँट चालेल?" पैवीने विचारलं.

"त्या बोलण्याची मला लाज वाटते," तो म्हणाला.

"ती ठेव जपून. सोमवारी सातला कुठे यायचं ते सांग."

*

ताउनो कोक्को आणि कालेर्वो शाळेत एका बाकावर बसलेले. ताउनोचं घर दुमजली. खाली तो आणि त्याची बायको, वर मुलगा, सून मिन्ना आणि आता नऊ महिन्यांचं झालेलं बाळ. सोमवारी सकाळी पैवीची गाडी अंगणात शिरली तेव्हा ताउनो मूस जातीच्या मोठ्या हरणांच्या शिकारीसाठी बंदूक साफ करत पायरीवर बसला होता.

"हे काय, कालेर्वो, मदतनीस ठेवलीस? म्हातारा झालास की श्रीमंत झालास?"

"आधी काम होऊ दे," कालेर्वो म्हणाला. "मग बोलतो."

हे आधी बोलायला हवं होतं. पैवीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग शिडी लावली आणि पायऱ्या चढून गेली. कालेर्वो आत जाऊन लोखंडी दारापाशी बसला. वरून गोळ्याचा आवाज आला, पण नेहमीसारखा विटांना घासत येणारा नव्हे. ठक् करून कशावर तरी आपटून थांबल्याचा. पुन्हा ठक्. मग लोखंडी सळई ठोकल्याचा आवाज, बराच वेळ. मग एकदम धबाधब काहीतरी खाली कोसळलं. त्याने दार उघडलं. काळे चकचकीत पापुद्रे होते, काचेसारखे, दोन बोटं जाड. आणि त्यांत काटक्या, लोकरीचे धागे, पिसं. कावळ्यांच्या जातीतल्या कुठल्याशा पाखराचं अर्धं घरटं.

तो पाट्या भरभरून बाहेर नेत होता. तिसऱ्या पाटीला ताउनो उठून आला.

"काय आहे हे?"

"डांबर. काजळी घट्ट होऊन झालेलं."

"पण तू गेल्या सप्टेंबरात झाडलंयस की. कार्डावर सही आहे तुझी."

तेव्हा कालेर्वोने सांगितलं. अंगणात, पाटी हातात धरून. मिन्ना बाळाला कडेवर घेऊन दारात आली होती, तिनेही ऐकलं. फार लांबण लावली नाही. पडलो त्याबद्दल तर तो जवळजवळ बोललाच नाही, कारण ते बोललं की सबब सांगितल्यासारखं होईल असं त्याला वाटलं. वर चढलो नाही, दोन वर्षं चढलो नाही, खोटी सही केली, एवढंच.

ताउनोने पाटीतला एक पापुद्रा उचलला, नखाने टोकरला.

"हे पेट घेतं?"

"घेतं. एकदा पेटलं की विटा तडकतात. मग माळा."

"फेब्रुवारीत शून्याखाली पस्तीस होतं," ताउनो म्हणाला. तो कालेर्वोशी नव्हे, स्वतःशी बोलत असावा. "अकरा दिवस भट्टी विझू दिली नव्हती आम्ही. पाळणा धुराड्याच्या भिंतीला लावून ठेवला होता. ती भिंत उबदार असते ना."

 छपरावर पैवीचा ब्रश चालू होता.

"ताउनो, मी..."

"तू घरी जा, कालेर्वो," ताउनो म्हणाला. आवाज चढवला नाही. "त्या बाईंचं काम होऊ दे. तू जा."

मिन्नाने बाळाचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं. बाळ त्याच्या बटणांकडे हात करत होतं.

कालेर्वोने सायकल घेतली आणि फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला. घरी मात्र गेला नाही. पैवीला पुढच्या घराची वाट दाखवायची होती.

*

पुढचे सहा आठवडे असेच गेले. रोज एक घर, कधी दोन. पहिल्या दिवसाची चूक त्याने परत केली नाही. आता तो शिडी लावायच्या आधी दार वाजवून सांगायचा. सांगून सांगून सोपं होईल असं त्याला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. लोकांचं मात्र नाना तऱ्हेचं. एकीने दार लावून घेतलं आणि आतून ओरडून सांगितलं, बाईला पाठव, तू आत येऊ नकोस. गिरणीजवळच्या म्हाताऱ्या ओत्सोने शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी निव्वळ देवाच्या भरवशावर होतो तर. आधी सांगितलं असतंस तर चर्चला तरी गेलो असतो." एकाने त्याला कॉफी दिली. शिव्या खाणं त्यापेक्षा सोपं होतं.

दुकानात टोमणे सुरू झाले. तो रांगेत उभा असला की मागून कुणीतरी म्हणे, "कालेर्वो, यीस्ट वरच्या फळीवर आहे रे, काढून देऊ का?" लोक हसत. तो मान खाली घालून आपलं सामान घेई. इर्या बरोबर असली की ती मात्र वळून बघायची, मग हसू थांबायचं. तिचा राग निवळला नव्हता, पण तो तिने घरातल्यापुरता ठेवला होता.

चपटी टोपी घालणं त्याने पहिल्याच आठवड्यात सोडलं. बटणं काढून साधी काळी लावली. पैवीने ते पाहिलं.

"बटणं का काढलीस?"

"लोक हात लावतात."

"आता कोण लावतंय तुला हात," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने शिडी उतरता उतरता म्हणाली, "भट्टीचं पोट तू माझ्यापेक्षा चांगलं ओळखतोस. मी हे कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस." एवढीच चांगली गोष्ट त्या सहा आठवड्यांत कुणी त्याला बोललं, आणि ती ऐकून तो भट्टीच्या आत तोंड घालून बराच वेळ बोगदा खरवडत राहिला, खरवडण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

एकेचाळीसांपैकी नऊ धुराडी वाईट निघाली. त्यांतल्या दोनांना भेगा होत्या. पहिला मोठा बर्फ नोव्हेंबरच्या चौथ्या दिवशी पडला, आणि त्याच दुपारी शेवटचं घर झालं. घरी येऊन त्याने विभागाच्या कचेरीला पत्र लिहिलं, काय केलं ते सगळं लिहिलं, आणि सनद लखोट्यात घातली. तीन पिढ्यांची सनद. इर्याने पत्र वाचलं, दोन शब्दांची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि म्हणाली, "आता पाकीट बंद कर."

कचेरीतल्या साहेबाने त्याला बोलावून तासभर सुनावलं. शिक्षा म्हणून तीन वर्षं सनद गेली. हद्द पैवीला दिली गेली. पैवीने अर्ज केला की दोन हद्दी एकटीला होत नाहीत, भट्ट्या दुरुस्त करायला आणि खालचं काम बघायला एक माणूस हवा, आणि तो माणूस तिने नावानिशी मागितला. साहेबाला ते फारसं आवडलं नाही. पण दुसरा कोणी मिळेना.

सायमीबाईंकडे तो त्या हिवाळ्यात दर गुरुवारी जायचा. लाकडं आत आणून रचायचा, राख काढायचा. मनगट पुरतं बरं झालं नाही; थंडी वाढली की त्या ते दुसऱ्या हाताने धरून बसायच्या. त्याला तिकडे बघवत नसे, आणि न बघता राहवतही नसे.

"असा तोंड पाडून माझी लाकडं रचणार असशील तर येऊ नकोस," एकदा त्या म्हणाल्या. "मी काही तुला लाज वाटावी म्हणून चढले नव्हते."

"माहीत आहे."

"नाही वाटावी म्हणून चढले होते. चुकलंच माझं. पहिल्याच वर्षी तुझ्या बायकोला सांगायला हवं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही."

"कसं नाही? चाळीस घरं होती. मला वाटलं, माझ्यापुरतं बघितलं की झालं." त्या जराशा थांबल्या. "मलाही झोप लागली नाही, कालेर्वो, तू तो आकडा सांगितलास त्या दिवशी."

हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, की या लाजेत सायमीबाईंचाही वाटा असेल. त्याने लाकूड खाली ठेवलं. मग दोघं भट्टीसमोर बसून राहिली.

*

कोक्कोंच्या घरून दोन वर्षं बोलावणं आलं नाही. पैवी एकटीच जायची. ताउनो रस्त्यात दिसला तर मान हलवायचा, थांबायचा नाही. शिकारीच्या गटातून कालेर्वोचं नाव कधी निघालं ते कुणी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात त्यांच्या भट्टीच्या मागच्या भिंतीला तडा गेला. ते काम पैवीला येत नव्हतं. ताउनो स्वतः आला, अंगणाच्या फाटकापाशीच उभा राहिला.

"तडा गेलाय. दोन हात लांब."

"बघतो."

"वर कोण जाणार?"

"पैवी."

"आणि तू?"

"मी खाली."

ताउनोने थोडा विचार केला. "मग ये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कालेर्वोने तडा उकरला, ओल्या चिंध्यांनी विटा भिजवल्या, माती आणि वाळू मळून फट भरली. मग खालचं लोखंडी दार उघडून आरसा आत धरला. मिन्ना दारात उभी होती. मूल आता तिसऱ्या वर्षात होतं आणि तिच्या पायामागून डोकावत होतं. ती काम बघायला उभी होती हे उघड होतं. त्याच्या हातांवरून तिने नजर हलवली नाही.

"मलाही बघायचंय," ती म्हणाली.

तो बाजूला सरकला. ती गुडघ्यांवर बसली, त्याने आरसा तिच्या हातात दिला आणि कसा तिरका करायचा ते दाखवलं. तिने बराच वेळ वर पाहिलं. छपरावरून पैवीने वाकून आत डोकावलं असावं, कारण चौकोनाचा एक कोपरा काळा झाला आणि परत उजळला.

"ठीक आहे," मिन्ना म्हणाली. तिने कार्ड खिळ्यावरून काढून आधी नीट वाचलं. मग त्याच्यापुढे न धरता ते घेऊन ती बाहेर गेली, पैवी उतरेपर्यंत शिडीपाशी थांबली आणि सही तिच्याकडून घेतली.

कालेर्वो मातीचे हात पुसत आत उभा होता. त्याला ते लागलं, आणि बरोबरही वाटलं. त्याने बादली उचलली, फरशीवर सांडलेली वाळू झाडून घेतली आणि ताउनोला सांगितलं की दोन दिवस भट्टी मोठी पेटवू नका, सकाळी चार काटक्या, संध्याकाळी चार काटक्या, माती हळूहळू वाळू द्या.

"दोन दिवस," ताउनो म्हणाला.

"तीन केले तर जास्त चांगलं."